फलक आळीचा, भराव पऱ्यातला

पत्र थोडक्यात असं आहे. चिपळूणमधल्या एका जुन्या आळीतल्या ताईंनी ते लिहिलं आहे. वय अठ्ठेचाळीस, घरी शिवणकाम करतात. २०२१ च्या पुरात वीज नव्हती, फोन बंद पडले होते. त्या आठवड्यात त्यांनी घराच्या भिंतीवर खडूने ‘टँकर इथे येईल’, ‘कोरडे कपडे समोरच्या घरी मिळतील’ असं लिहायला सुरुवात केली. पुढे भिंतीच्या जागी काळा फलक आला. आता त्यावर नळाला पाणी कधी येणार, लाइट कधी जाणार, हळदीकुंकू कुणाकडे, शिमग्याची पालखी कुठल्या दिवशी, कोण वारलं, कोण पास झालं असं सगळं असतं, आणि तेच आळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही जातं. मागच्या वर्षी त्यांनी एका मुलीचा साखरपुडा ठरल्याचं लिहिलं. तो मोडला, आणि मुलीच्या आईने त्यांना चारचौघांत सुनावलं. तेव्हापासून त्या हात आखडून लिहितात. आता आळीमागच्या पऱ्यात, म्हणजे पावसाळी ओढ्यात, एका बांधकामासाठी भराव पडतो आहे आणि पऱ्याचं पात्र निम्म्यावर आलं आहे. बांधकाम ज्या काकांचं आहे, त्यांनीच पुरात ताईंच्या घरच्यांना दोन रात्री आपल्या वरच्या मजल्यावर ठेवून घेतलं होतं. काकांच्या मुलाने ताईंच्या सासूबाईंना पाठीवर घेऊन जिना चढवला होता. काका गणेशोत्सव मंडळाचे अध्यक्षही आहेत. आळीतली तरुण मुलं म्हणतात, फोटो टाका, नाव टाका. नवरा म्हणतो, आपल्याला इथेच राहायचं आहे, शिवाय अ‍ॅडमिनवर केस होते. ताई विचारतात, ‘फलक चांगल्या बातम्यांपुरता ठेवू की हेही लिहू? लिहिलं तर केलेले उपकार विसरल्यासारखं होईल ना?’

ताई,

तुमच्या पत्रात बातम्या दोन आहेत, एक साखरपुड्याची आणि एक पऱ्याची. पत्र वाचताना मला जाणवलं ते असं की, जिथे विचारायला हवं होतं तिथे तुम्ही विचारलं नाही, आणि जिथे कुणाची परवानगी लागत नाही तिथे आता परवानगी शोधताय. साखरपुडा ही त्या घरची गोष्ट. ती आळीला कधी सांगायची, सांगायची की नाही, हे त्या घराने ठरवायचं. पऱ्यातून वाहणारं पाणी कुणा एकाच्या घरचं नाही. ते अडलं तर कुणाच्या उंबऱ्यात शिरेल हे आळीतल्या प्रत्येकाला कळायला हवं. घरच्या बातमीला परवानगी लागते, सामाईक बातमीला पुरावा लागतो. साखरपुड्याच्या वेळी जो चटका बसला त्याने तुम्ही सगळ्याच बातम्यांना घाबरू लागलात. ते समजण्यासारखं आहे, पण त्या प्रसंगाचा धडा ‘कमी लिहा’ असा नव्हता. तो ‘त्या घरी आधी विचारा’ एवढाच होता.

आता ‘चांगल्या बातम्यांपुरता फलक’ हे बघू. हा नियम कधी ठरला? तुम्हीच लिहिलंय की फलकाचा जन्म पुराच्या आठवड्यात झाला. टँकर येणार ही बातमी चांगली की वाईट, असं तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. ती लागणारी होती. पुढच्या वर्षांत फलकावर हळदीकुंकू आलं, पालखी आली, दहावीचे गुण आले. ते यायलाच हवेत, कारण आळी जगते ती अशाच गोष्टींवर. पण म्हणून पाण्याची बातमी तिथे परकी कशी झाली? ज्या शहराने २६ जुलै २००५ पाहिला, मग २२ जुलै २०२१ पाहिला, त्या शहरातल्या फलकाला पऱ्याबद्दल बोलायचा संकोच वाटू नये. २०२१ च्या डिसेंबरात याच चिपळूणकरांनी वाशिष्ठीतला आणि शिव नदीतला गाळ काढा म्हणून साखळी उपोषण केलं होतं. तुमच्या आळीतलं कुणी ना कुणी त्या मांडवात बसलं असेलच. नदीतला गाळ काढायला उपोषण करायचं आणि आपल्या मागच्या पऱ्यात भराव पडताना खिडकी लावून घ्यायची, या दोन गोष्टी एका गावात नांदू शकत नाहीत.

तुम्हाला माहीत आहेच, तरी इतर वाचकांसाठी सांगते. वाशिष्ठी दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळते आणि भरतीचं पाणी आत चिपळूणच्या वेशीपर्यंत येतं. वर घाटमाथ्यावर धो धो पाऊस आणि खाली भरती अशी गाठ पडली की नदीला पाणी पुढे ढकलता येत नाही. नदी तुंबली की नदीला मिळणारे नाले आणि पऱ्ये मागे फुगतात. त्या वेळी पऱ्याचं पात्र हीच त्या पाण्याला थांबायला उरलेली जागा असते. ती निम्मी झाली तर उरलेलं पाणी अंगणात येणार. एरवी आठ महिने पऱ्या कोरडा, त्यात पालापाचोळा आणि प्लॅस्टिक, म्हणून ती जागा रिकामी वाटते. ती रिकामी नाही.

आता उपकार. यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण तुमचा खरा अडसर हाच आहे आणि तो हलका नाही. ज्या माणसाने काळोख्या रात्री दार उघडलं, ज्याच्या पोराने तुमच्या सासूबाईंना पाठीवर घेतलं, त्याच्याविरुद्ध काही लिहायला हात धजावत नाही, हे तुमच्या चांगुलपणाचंच लक्षण आहे. तो चांगुलपणा सोडा असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्या रात्री काकांनी नेमकं काय केलं? पाण्यात सापडलेल्या शेजाऱ्याला वर घेतलं. त्यांनी जे केलं त्याचा मान राखायचा, तर पुढच्या वेळी पाण्यात सापडू शकणाऱ्या शेजाऱ्यांबद्दल तुम्ही गप्प बसणं हा काही तो मान नव्हे. शिवाय तुम्ही हे धरूनच चालला आहात की काकांना सगळं ठाऊक आहे आणि त्यांचं मन वाईट आहे, आणि आता तुम्हाला त्यांच्या बाजूने किंवा विरुद्ध उभं राहायचं आहे. हे तुम्हाला कशावरून कळलं? मातीच्या गाड्या ठेकेदाराने जिथे जागा दिसली तिथे ओतल्या असतील. मंजूर नकाशात पाण्यासाठी मोठा पाइप किंवा मोरी दाखवलेली असेल आणि तिचं काम मागाहून व्हायचं असेल. किंवा तसं काहीच नसेल. तुम्हाला माहीत नाही, मलाही माहीत नाही, फोटो टाका म्हणणाऱ्या मुलांनाही माहीत नाही.

म्हणून पहिलं काम फलकावरचं नाही. काकांकडे जा. एकट्या जाऊ नका आणि घोळक्यानेही जाऊ नका. यजमानांना बरोबर घ्या. त्यांना भीती वाटते ती तुम्ही त्यांना वगळून काही कराल याची असावी. बरोबर आले तर भीती निम्मी होईल. मंडळाची सभा असेल तो दिवस टाळा, लोकांसमोर तर नकोच. आणि तिथे ‘मी हे लिहू का?’ असं विचारू नका. तो प्रश्न विचारलात की उत्तर ‘कशाला उगाच’ असंच येणार, आणि मग तुम्ही अडकणार. असं म्हणा: ‘काका, पऱ्यात माती पडलीये, खालच्या घरांना काळजी लागलीये. पावसाच्या आधी पाण्याला वाट कशी ठेवणार आहात ते सांगा, मी फलकावर लिहिणार आहे. तुमचं म्हणणंही त्यात देईन.’ यात धमकी नाही, लाचारीही नाही. बऱ्याचदा एवढ्यावरच गोष्ट मार्गी लागते. ठेकेदाराला फोन जातो, चार दिवसांत जेसीबी येतो. मग तुमची बातमी वेगळीच होईल, ‘पऱ्यातली माती काढली’ अशी, आणि ती लिहिताना काकांचं नाव जरूर लिहा.

तुमच्या पत्रात एक गोष्ट मला दिसली नाही. काका काय म्हणतील, नवरा काय म्हणतो, मुलं काय म्हणतात हे सगळं आहे. पऱ्याच्या काठी सखल बाजूला कोण राहतं? प्रत्येक आळीत अशी तीन-चार घरं असतात, बहुधा भाडेकरू, कधी चाळीतल्या खोल्या, कधी बाहेरगावाहून कामाला आलेली कुटुंबं. त्यांचं नाव फलकावर क्वचित येतं, कारण त्यांच्याकडे पालखी थांबत नाही आणि हळदीकुंकवाला त्यांना कुणी बोलावत नाही. पाणी मात्र पहिलं त्यांच्याकडे जातं. त्यांच्याकडे जाऊन बसा. मागच्या दोन पावसाळ्यांत पाणी कुठवर आलं, विचारा. भिंतीवर खूण असेल तर टेप लावून मोजा. तुमच्या बातमीतला सर्वांत भक्कम भाग तिथे सापडेल. फलक मंडळाचा, उंच जोत्याच्या घरांचा की सगळ्या आळीचा, हेही तुमचं तुम्हाला तिथेच कळेल. तुमच्याकडे शेजारी मोहल्ला असेल तर त्यांचा जनाजा कधी निघणार, ईदच्या दिवशी रस्ता कुठून बंद, हेही फलकावर यायला हवं. एकाच पऱ्याच्या काठी राहणाऱ्यांना एकमेकांची खबर असावी.

काकांकडून समाधानाचं उत्तर नाही आलं, तर कागद जमवायला लागा. नगर भूमापन कार्यालयातून त्या भागाचा नकाशा मिळतो. पऱ्या त्यात प्रवाह म्हणून दाखवलेला आहे का, ते आधी पाहा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे नदी, नाले, ओढे यांचं पात्र कुणाच्या कायदेशीर मालकीचं नसेल तर ते शासनाचं असतं, त्यामुळे तहसीलदार कार्यालयही यात येतं. नगर परिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांच्या नावे एक साधा अर्ज लिहा, खालच्या घरांतल्या लोकांच्या सह्या घ्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. पोच नसलेला अर्ज केलाच नाही असं समजा. जोडीला माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपये शुल्क, एका अर्जात एकच विषय, मजकूर दीडशे शब्दांच्या आत. त्या भूखंडाच्या बांधकाम परवानगीची आणि मंजूर नकाशाची प्रत मागा. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. नाही आलं तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करता येतं. जागा पूररेषेत येते का, हेही पाहा. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत निर्बंध सर्वांत कडक असतात. आत्ता चैत्र चालू आहे. आज अर्ज दिलात तर उत्तर मृगाच्या आधी हातात पडेल. जूनमध्ये अर्ज दिलात तर उत्तर येईपर्यंत अर्धा पावसाळा उलटलेला असेल.

मग फलक. मुलं म्हणतात नाव टाका, फोटो टाका. मुलांची तळमळ खरी आहे, तिला नावं ठेवू नका, पण खडू त्यांच्या हाती देऊ नका. जे डोळ्यांना दिसतं आणि कागदावर आहे तेवढंच लिहायचं. कुणी का केलं असेल, किती पैसे खाल्ले असतील, कुणाचा वरदहस्त आहे, हे काही लिहायचं नाही, कारण ते तुम्ही पाहिलेलं नाही. मी लिहिलं असतं तर साधारण असं लिहिलं असतं:

‘आळीमागच्या पऱ्यात बांधकामाचा भराव पडला आहे. पात्राची रुंदी पूर्वी किती होती आणि आज किती आहे, ते मोजून खाली दिलं आहे. खालच्या बाजूच्या घरांना पावसात धोका वाटतो. पावसाआधी पाण्याला वाट करून देऊ, असं बांधकाम करणाऱ्यांनी सांगितलं आहे. नगर परिषदेला अर्ज दिला, पोच आमच्याकडे आहे, कुणालाही पाहता येईल. लिहिणार:’ आणि खाली तुमचं नाव, तारीख.

काकांनी काहीच सांगितलं नाही, तर ‘त्यांना विचारलं, उत्तर आलेलं नाही’ असं लिहा. उत्तर आलं की त्याच आकाराच्या अक्षरात लिहा. काकांचं नाव या बातमीत लागत नाही. बांधकाम कुणाचं ते आळीला पाठ आहे. फोटो लावायचा तर पात्राचा लावा, माणसांचे चेहरे, गाड्यांचे नंबर नकोत. कायद्याच्या बाजूनेही हेच बरं. १ जुलै २०२४ पासून बदनामीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. लोकहितासाठी केलेलं खरं विधान त्यात अपवाद मानलं जातं. म्हणजे दोन गोष्टी हव्यात: मजकूर खरा असणं आणि तो लोकांच्या हिताचा असणं. पऱ्याची रुंदी या दोन्हींत बसते. काकांच्या स्वभावाबद्दलचा शेरा बसत नाही.

यजमानांना अ‍ॅडमिनची भीती वाटते, त्याबद्दल. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं आहे की ग्रुपमधल्या दुसऱ्या कुणी आक्षेपार्ह काही टाकलं, तर निव्वळ अ‍ॅडमिन आहे म्हणून त्याला गुन्हेगार धरता येत नाही. त्यात त्याचा सामायिक हेतू असल्याचं दिसलं पाहिजे. पण स्वतः टाकलेल्या मजकुराची जबाबदारी स्वतःचीच. त्यामुळे ग्रुपवर फलकाचा फोटो तेवढा टाका आणि खाली वाद सुरू झाला की ‘प्रत्यक्ष भेटून बोलू’ म्हणून थांबवा. तिथे रात्री अकरा वाजता लिहिलेली वाक्यं सकाळी सगळ्यांनाच जड जातात.

पावसाळा तोंडावर आहे म्हणून आणखी एक, आणि हे कोकणात फलक किंवा ग्रुप चालवणाऱ्या प्रत्येकासाठी आहे, मग तो रत्नागिरीच्या मांडवीत असो, मालवणात असो की अलिबागेत. धरण, पाणी सोडणं, भिंतीला तडा, यांबद्दल ऐकीव काही लिहू नका. तिवऱ्याचं धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, ते या तालुक्याच्या अंगावर अजून आहे. ‘पाणी सोडलं म्हणे’ एवढ्या तीन शब्दांनी लोक म्हाताऱ्या माणसांना घेऊन रात्री चिखलात उतरतात. प्रशासनाकडून सूचना आली, ती कुणी दिली, किती वाजता दिली, एवढं लिहिता येत असेल तरच लिहा. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५४ प्रमाणे घबराट पसरवणाऱ्या खोट्या इशाऱ्याला एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. पण शिक्षेपेक्षाही मला दुसरी भीती जास्त वाटते. फलकाने एकदा खोटी हाक मारली की खऱ्या हाकेला कुणी दार उघडणार नाही.

फलक पुसला की बातमी जाते, म्हणून एक जाड नोंदवही ठेवा. रोजचं सगळं नको. पाणी कुठवर आलं, किती तास राहिलं, पऱ्या कधी साफ झाला, अर्ज कधी दिला, एवढंच तारखेसह लिहा. पुरानंतर चिपळुणात पूररेषेवरून किती वाद झाला ते तुम्ही पाहिलंय. अशा वेळी आळीकडे स्वतःची, वर्षानुवर्षांची, एकाच हाताने लिहिलेली नोंद असणं फार मोलाचं ठरतं. ती वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवा. पुरात काय काय भिजतं ते सांगायला नको. १८६४ पासूनचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर आपल्याच शहरात आहे, आणि पुस्तकं वाळवण्याचे ते दिवस कुणी विसरलेलं नाही.

आणि फलक एकटीने चालवू नका. तुम्ही इतकी वर्षं एकटीने लिहिलंत, याचं मला मनापासून कौतुक वाटतं, पण त्यामुळेच आज सगळा ताण तुमच्या एकटीच्या छातीवर आहे. खालच्या घरातली एखादी सून, एखादा निवृत्त मास्तर, त्या फोटोवाल्या मुलांपैकी एक, असे तिघे-चौघे जमवा. वादाची बातमी दोघांनी वाचल्याशिवाय फलकावर जाणार नाही, असं ठरवा. त्या मुलाला मोजमाप घ्यायला लावा. एकदा टेप हातात धरला की तो नावाऐवजी आकडे बोलायला लागेल.

राहिली ती मुलगी. तिच्या घरच्यांना तुम्ही अजून टाळत असाल, असं पत्रावरून वाटलं. त्यांच्याकडेही जा, पण फलकावर माफी लिहू नका. ती लिहिलीत तर मोडलेल्या साखरपुड्याची बातमी दुसऱ्यांदा आळीत फिरेल. दुपारच्या वेळी जा, मुलीच्या आईला ‘विचारायला हवं होतं, चुकलं’ एवढं म्हणा आणि चहा घेऊन या. मुलगी समोर आली तर त्या विषयावर चकार शब्द काढू नका, तिचं कॉलेज किंवा नोकरी कशी चाललीये ते विचारा. यापुढे साखरपुडा, बाळंतपण, आजारपण, परदेशी जाणं, यांतलं काहीही त्या घरातल्या माणसाने स्वतः येऊन ‘लिहा’ म्हटल्यावरच फलकावर येईल, असं त्यांना सांगा. मग तेच वाक्य फलकाच्या एका कोपऱ्यात ऑइलपेंटने कायमचं लिहून टाका, म्हणजे पुढे कुणी नवीन माणूस लिहायला बसला तरी त्याला ते विचारावं लागणार नाही.